‘मामा, तुम्हाला काय होतंय?’ : ‘पार्त्सिफाल’चे इंग्रजी भाषांतर

वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीने तेराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या ‘पार्त्सिफाल’ या दरबारी प्रेम-शौर्यकाव्याचे ए. टी. हॅटो यांनी केलेले इंग्रजी भाषांतर (१९८०) बेळगावातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले, आणि खानापूरच्या पावसाळ्यात मी ते दोनदा वाचले. मूळ काव्य १६ सर्गांचे, सुमारे २५,००० ओळींचे आहे.

पाचव्या सर्गातील प्रसंग मनातून जात नाही. चुलाण्यांत सुगंधी लाकूड पेटलेले असूनही राजा अन्फोर्टास अंगावर केसाळ कातडी ओढून कुडकुडत बसला आहे. रक्त ओघळणारा भाला दालनातून फिरवला जातो, तेव्हा सारी सभा आक्रोश करते. तरुण पार्त्सिफाल मात्र गप्प राहतो, कारण ‘फार प्रश्न विचारू नकोस’ असे त्याच्या गुरूने बजावलेले असते. ‘मामा, तुम्हाला काय होतंय?’ हा तो एक प्रश्न शेवटच्या सर्गात विचारला जातो आणि राजा बरा होतो.

अन्फोर्टास हा पार्त्सिफालच्या आईचा भाऊ. मूळ जर्मन शब्द ‘ओहाइम’ म्हणजे नेमका मामाच. इंग्रजीतील ‘अंकल’मध्ये काका, मामा सगळेच मिसळून जातात. मुळात भाचा ‘तुला’ म्हणतो, आपल्या भागात तो ‘तुम्हाला’ म्हणेल, इतकाच फरक. हे वाक्य मराठीतच अधिक घरचे वाटते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

भाषांतर गद्यात असल्यामुळे दोन-दोन ओळींच्या यमकाचा ठेका हरवतो, आणि ही उणीव मला सलत राहिली. आपल्याला एक अक्षरही येत नाही, असे सांगणाऱ्या या कवीचे काव्य कानांसाठी आहे. श्रावणात ‘पांडवप्रताप’ ऐकत वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. मधेच श्रोत्यांशी बोलणारा कवीचा आवाज मात्र हॅटो यांनी चांगला टिपला आहे. नावांची गर्दी फार आहे, पण शेवटची व्यक्तिनामसूची तेथे उपयोगी पडते. दुसऱ्या वाचनासाठी लिहिलेला परिचयही आहे; तो खरोखरच नंतर वाचावा.

पहिले दोन सर्ग नायकाच्या वडिलांचे आहेत. तेथे कंटाळून पुस्तक मिटू नये. तिसऱ्या सर्गात, स्वतःच्याच बाणाने पाखरू मारून, त्याचे गाणे थांबले म्हणून केस उपटत रडणारा मुलगा रानात भेटतो.