पिवळी चिकट कार्डं आणि कुंडीतली चिलटं : सात महिन्यांनंतर

जूनअखेरीस, ठाण्यात पाऊस लागला आणि बाल्कनीतल्या बिगोनियाला हात लावला की कुंडीतून काळसर चिलटं उठू लागली. केळ्यांवर घोंगावतात ती नव्हेत. ही लांब पायांची, छोट्या डासासारखी दिसणारी. चावत नाहीत, पण संध्याकाळी टीव्हीसमोर आणि चहाच्या कपात यांचीच हजेरी.

मी पिवळ्या चिकट कार्डांचं पाकीट मागवलं. पहिलं कार्ड आठवड्यात काळं पडलं, मी खूश. तिसऱ्या आठवड्यातलं कार्डही तितकंच काळं झालं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कार्डाला चिकटते ती उडणारी माशी. तिची पोरंबाळं खाली ओल्या मातीत बुरशी आणि कोवळी मुळं खात बसलेली असतात. एक मादी शे-दीडशे अंडी घालते आणि तीन-चार आठवड्यांत पुढची फौज तयार.

मग बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन दिवसांनी उलटली. पांढुरक्या, काचेसारख्या आरपार, काळ्या डोक्याच्या अळ्या! शिसारी आली, पण दुखणं कुठे आहे ते कळलं. बिगोनियाखाली अकरा, अँथुरियमखाली चार, मोगऱ्याखाली एकही नाही. मोगरा दक्षिणेच्या कठड्यावर, त्याची माती उघडीप मिळाली की खडखडीत वाळते. बिगोनिया नर्सरीतून आला तोच निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), वरून कोरडा दिसणारा आणि आत चिंब. मी वरचं बघून रोज पाणी घालत होते.

शिवाय खत म्हणून मीच निंबोळी पेंड वर भुरभुरली होती. पेंड वाईट नाही, पण दमट हवेत ती वरच राहिली की पांढरी बुरशी धरते, म्हणजे चिलटांना घरपोच डबा. आणि आईंचा (सासूबाईंचा) रोजचा चहाचा चोथा. तो बंद करायला सांगणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम होतं. शेवटी चकती उलटून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे मी पोसतेय?"

औषधांपैकी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एकास चार पाणी, असं एकदा ओतलं. माती फसफसते, बघायला मजा येते, अळ्या कमी होतात. दोन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. खरा उपयोग झाला बीटीआयचा (बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे बीटी, त्यातला इस्रायलेन्सिस प्रकार), म्हणजे डासांच्या अळ्या मारायला वापरतात तो जिवाणू. दुकानदाराने आधी बीटीचा दुसराच प्रकार दिला, पानं खाणाऱ्या अळ्यांवरचा. तो चिलटांवर चालत नाही. पैसे गेले. लेबलावर 'इस्रायलेन्सिस' लिहिलंय का ते वाचूनच घ्या. दर आठवड्याला पाण्यातून, असं पाच वेळा दिलं. मधे सोडलं तर राहिलेली अंडी फुटतात.

सोबत बिगोनियाला नवीन माती, वाळू मिसळून. ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकायचं आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. बिगोनिया दोन दिवस मलूल झाला, मग सावरला. ऑक्टोबरमध्ये कळ्या आल्या.

मग कार्डं घ्यावीत का? मी अजून घेते, पण मोजायला. पाव तुकडा कापून मातीजवळ आडवा ठेवायचा. ही माशी उंच उडत नाही. आठवड्याला दोन-तीन दिसल्या तर दुर्लक्ष, दहा झाल्या तर पाण्याचा हात आखडता. डिंक पावसाच्या झडीतही टिकला, हे मान्य. पण कार्ड उघड्यावर टांगू नका. आमच्याकडे पालीचं पिल्लू चिकटलं. खोबरेल तेल लावत, कापसाने सोडवायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ घरातलं कुणी बाल्कनीत यायला तयार नव्हतं.

आता जानेवारीत नवा जरबेरा आणलाय. तो कार्डाच्या तुकड्यासकट महिनाभर जिन्यात, एकटा.