जुन्या ऑर्गनचे लेखनमेज: खोका दणकट, पण उंची मोजून घ्या

संगीत नाटकांना साथ करणारे, पायाने चालवायचे ऑर्गन आज जुन्या सामानाच्या दुकानांत आणि वाड्यांच्या कोपऱ्यांत पडलेले दिसतात. भात्याचे कापड फाटलेले, अर्ध्या पट्ट्या बसलेल्या, पण लाकडी खोका अजून दणकट. अशा खोक्याचे लेखनमेज करून देणारे कारागीर आता भेटतात. या परीक्षणातले मेज 61 पट्ट्यांच्या, पाच सप्तकी ऑर्गनचे आहे: खाली दोन खण, वर पुस्तकांची फळी, आणि पट्ट्या शोभेसाठी जागेवरच ठेवून त्यांवर काच.

नेमकी ती काचच या मेजाची मुख्य चूक आहे. ऑर्गनच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72 ते 75 सेंटिमीटरवर असतात आणि लिहायच्या मेजाची उंचीही तेवढीच लागते. पट्ट्यांवर थोडी मोकळी जागा सोडून, आधाराच्या पट्टीवर 8 मिलिमीटरची काच टाकली की पृष्ठभाग 80 च्या आसपास जातो. लिहिताना खांदे उचलले जातात आणि अर्ध्या तासात मान भरून येते. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात. पट्ट्या पूर्ण काढून त्यांच्या खालच्या पाटावरच 18 मिलिमीटरचा प्लाय बसवला तर उंची 70 ते 72 वर येते आणि मेज खरोखर वापरता येते. पट्ट्यांची रांग हवीच असेल तर ती वरच्या फळीच्या दर्शनी कडेला लावावी. स्वर निवडायच्या खुंट्या मात्र जागच्या जागी ठेवाव्यात. त्यांच्यावरची जुनी अक्षरे फार देखणी असतात आणि त्या कशाच्या आड येत नाहीत.

खोक्याची मजबुती इथे चांगली जमली आहे. भाता आणि सुरांचा (म्हणजे हवेने थरथरून आवाज देणाऱ्या पितळी जिभांचा) पाट ही ऑर्गनची आतली कंबर असते. ती काढली की दोन्ही बाजू सुट्या पडतात आणि मेज डुलायला लागते. या कारागिराने पाठीला 6 मिलिमीटरचा प्लाय दर 15 सेंटिमीटरवर स्क्रू मारून बसवला आहे आणि पायाशी एक आडवी पट्टी दिली आहे. घेण्याआधी वरचा कोपरा धरून मेज आडवे ढकलून पाहा. करकरले किंवा तिरके झाले तर पाठ नुसत्या चुका मारून लावली आहे असे समजा.

खण टेलिस्कोपिक चॅनलवर, म्हणजे धातूच्या सरकत्या पट्ट्यांवर आहेत आणि उजवा खण अडकतो. कारण साधे आहे. चॅनलला दोन्ही बाजूंना साधारण 13 मिलिमीटरची सारखी फट लागते. जुना खोका पुढून मागे तेवढा काटकोनात राहिलेला नसतो, 3-4 मिलिमीटरचा फरक सहज निघतो. अशा ठिकाणी लाकडी पट्टीवर सरकणारा, मेण लावलेला खणच बरा. चॅनलच हवे असेल तर आधी आत लाकडाच्या पातळ पट्ट्या ठोकून बाजू समांतर कराव्या लागतात.

पॉलिश मूळचे लाखेचे ठेवले आहे, हे मनापासून आवडले. कापसावर थोडे स्पिरिट घेऊन आतल्या बाजूला घासा, चिकट झाले तर ती लाख. तिच्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, म्हणून लिहायच्या भागावर तरी वेगळे पॉलिश हवे. पण जुने मेण न काढता वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारले तर ते पापुद्र्यांनी सुटते. जुना सरसही पावसाळ्यात ओल धरतो आणि व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, कडेने उचलते. बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तिथे ते सुटले आहे.

घरी स्वतः करणार असाल तर तीन धोके लक्षात ठेवा. भात्याच्या आत पोलादी स्प्रिंगा असतात. दोरीने किंवा पट्ट्याने भाता आवळून मगच कापड कापा. पांढऱ्या पट्ट्यांवरचे आवरण बहुधा सेल्युलॉइडचे असते आणि ते भडकन पेटते, त्यामुळे तिथे हीटगन नको, ग्राइंडर नको. आवरण हस्तिदंताचे असल्याची शंका आली तर विक्रीच्या भानगडीत पडू नका; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याच्या व्यापारावर बंदी आहे. लाकडात एक-दोन मिलिमीटरची भोके आणि खाली ताजी पूड दिसली तर कीड जिवंत आहे. औषध मारून झाल्याशिवाय असा खोका घरात आणू नका.

या मेजाबद्दलची मोठी तक्रार वेगळीच आहे: सुरांचे काय केले याचा पत्ता नाही. खोका मेला तरी पितळी सूर बहुतेकदा जिवंत असतात. जुन्या जर्मन आणि पॅरिसच्या सुरांसाठी पेटी बनवणारे आजही जीव टाकतात. सूर काढताना क्रमाने आकडे घालून, खाचांच्या डब्यात ठेवायला हवेत आणि ते दुरुस्तीवाल्याकडे जायला हवेत. भंगाराच्या वजनावर ते विकणे हा या सगळ्या कामातला खरा गुन्हा आहे. ऑर्डर देताना ही अट लिहून घ्या. त्याआधी वाद्य एकदा जाणकाराला दाखवा. फक्त भात्याचे कापड गेले असेल तर ऑर्गन पुन्हा वाजू शकतो आणि मग मेजाचा विषयच उरत नाही.

याच कारागिरांकडच्या इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. हातपेटीचा कागदपत्रांचा डबा छान होतो, भाता बिजागरीवर दारासारखा उघडतो. तबल्याच्या खोडांची तिवई घ्यायची तर पुडी (वरचे कातडे) उतरवलेली घ्या. कातड्यावर वजन टाकले की गजरा (कातड्याच्या कडेची वेणी) दबतो आणि वर ठेवलेली काच एका अंगाला झुकते. पितळी डग्ग्यात रोप लावायचे असेल तर आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, नाहीतर खतामुळे धातूवर हिरवे डाग चढतात. तंबोऱ्याची तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) कापून केलेले पुस्तकांचे कपाट मात्र घेऊ नका. भोपळा वजन पेलत नाही आणि तडा कापाच्या कडेपासूनच वाढतो. भोपळ्याला तडा गेलेला तंबोरा मिरजेच्या सतारमेकरांना दाखवावा, भोपळ्याचे काम ते जाणतात.