केव्हीएमचे परीक्षण: मेमरी ॲड्रेस चुकला, तर पुढे काय?

लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत, २००७ साली, दाखल झालेल्या केव्हीएमचा (एका संगणकावर आभासी मशीन चालवण्याची कर्नलमधली सोय) एकच भाग येथे तपासला आहे: गेस्टने (आभासी मशीनने) मागितलेली मेमरी जागेवर नसेल, तर ते काय करते?

मूळ रचना उत्तम आहे. इंटेलचे ईपीटी किंवा एएमडीचे एनपीटी (गेस्टचे ॲड्रेस होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, ॲड्रेसमध्ये बदलणारी हार्डवेअरमधली दुसरी पातळी) असलेल्या प्रोसेसरवर गेस्टच्या स्वतःच्या पेज टेबलमधला (ॲड्रेसच्या तक्त्यातला) पेज फॉल्ट, म्हणजे जागेवर नसलेल्या मेमरीची मागणी, सहसा थेट गेस्टच्या कर्नलकडे जातो. शॅडो पेजिंगच्या काळात, म्हणजे ही सोय नसल्याने केव्हीएम स्वतःच तक्ते सांभाळत असे तेव्हा, हाच भार होस्टच्या माथी येत असे. दुसऱ्या पातळीवर मॅपिंग नसेल तेव्हाच केव्हीएम मध्ये पडते. ॲड्रेस मेमरी स्लॉटमध्ये (गेस्टला नेमून दिलेल्या मेमरीच्या पट्ट्यात) बसत असेल तर ते होस्टकडून पेज मिळवते, स्वॅपमध्ये गेलेले असल्यास परत आणवते, आणि गेस्टला याचा सहसा पत्ताही लागत नाही. स्लॉटच नसेल, तर तो एखाद्या डिव्हाइसचा ॲड्रेस मानून मागणी क्यूईएमयूकडे (गेस्ट चालवणाऱ्या आणि डिव्हाइसांची नक्कल करणाऱ्या होस्टवरच्या प्रोग्रामकडे) सोपवते. रॅममधले पेजच खराब झाले, तर क्यूईएमयूला सिगबस (ती मेमरी वापरता येत नसल्याचा कर्नलचा इशारा) मिळतो आणि ते गेस्टमध्ये मशीन चेक (हार्डवेअर बिघाडाची सूचना) घालते, त्यामुळे अनेकदा संपूर्ण मशीनऐवजी ते पेज वापरणारी एकच प्रक्रिया बंद करून निभावते. ही बाजू मला सर्वांत कौतुकास्पद वाटते.

उणीव आहे ती खबर देण्यात. स्लॉट आहे, पण त्यामागचे होस्टचे मॅपिंग काढले गेले आहे, अशा वेळी वर्षानुवर्षे हाती फक्त ईफॉल्ट (‘चुकीचा ॲड्रेस’ एवढेच सांगणारा त्रुटी-संकेत) येत असे. लॉगमध्ये ‘केव्हीएम रन फेल्ड बॅड ॲड्रेस’ ही ओळ आणि त्याखाली रजिस्टरांची जंत्री दिसे. गेस्टचा नेमका कोणता फिजिकल ॲड्रेस अडला, हे मात्र त्यात नसे. बिघाड शोधणाऱ्यावर हा सरळ अन्याय होता.

मार्च २०२४ मधील ६.८ आवृत्तीत केव्हीएम_एक्झिट_मेमरी_फॉल्ट हे नवे एक्झिट (गेस्ट थांबून ताबा क्यूईएमयूसारख्या प्रोग्रामकडे परत येण्याचे कारण) आले, आणि त्यातून ॲड्रेस, आकार व ती मागणी खासगी (गेस्टपुरत्या राखलेल्या) मेमरीसाठी होती का, हे कळू लागले. एक खोच मात्र लक्षात ठेवावी लागते: इतर एक्झिटना केव्हीएम_रन (गेस्ट चालवण्याचा कॉल) शून्य परत करते, येथे उणे एक. उणे एक दिसताच एक्झिटचे कारण न वाचता बाहेर पडणारा जुना कोड ही माहिती वाया घालवतो. शिवाय चूक दुरुस्त करून पुन्हा चालवताना तोच फॉल्ट वारंवार येत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी कागदपत्रांनी वापरणाऱ्या प्रोग्रामवरच टाकली आहे. तेव्हा प्रयत्नांना मर्यादा घालूनच कोड लिहावा.