खडूची गोळी की पांढरं औषध?

दादरला गाडी पकडण्याआधी वडापाव, कुर्ला येईपर्यंत पोटात आग. आमच्या बाबांचा अल्सर हा असा. खिशात कॅल्शियम कार्बोनेटची गोळी. चघळली की जिभेवर खडूची पूड आणि लगेच आराम. पण आम्ल मारणारं तेच कॅल्शियम जठरातल्या पेशींना गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडायला लावतं, आणि गॅस्ट्रिन पुन्हा आम्ल वाढवतं. ड्युओडेनल, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, अल्सरवाल्यांत तर जास्तच. थंड दुधाचंही तेच, वर आम्ल वाढवणाऱ्या प्रथिनांची भर.

मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं पातळ औषध असं उलटत नाही. एकाने जुलाब, दुसऱ्याने बद्धकोष्ठ, म्हणून दोन्ही एकाच बाटलीत! मूत्रपिंडं अधू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. अल्सर यातल्या कशानेच मुळापासून जात नाही, अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी या जिवाणूची तपासणी हवीच. मी बाटलीच्या बाजूची. बाबा अजून गोळीवरच.