‘स्पोर्ट्स रिकव्हरी’च्या नावाखाली 58,060 रुपयांना चुना

पावती समोर ठेवूनच लिहितोय. नोंदणी 1,500, वीस सेशनचं पॅकेज 42,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 7,560 आणि वरून दोन सलाईनचे 7,000. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबरच नाही! तो पैसे देण्याआधी बघा.

लेक 800 मीटर धावते. नडगी दुखायला लागली, हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद सांगितलं. राज्य स्पर्धा महिन्यावर आलेली. दुखापत लवकर बरी करतो म्हणणाऱ्या या ‘स्पोर्ट्स रिकव्हरी’ सेंटरचा नंबर दिला तो तिच्या कोचनीच. मी काही तिला रस्त्यावरच्या तंबूतल्या वैदूकडे नेलं नव्हतं. चकाचक एसी जागा, भिंतीवर फोटो, पाठीवर लाल वर्तुळं उठलेला अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स. त्याने 2016 ला रिओत पाच सुवर्णं जिंकली ती कपिंगमुळे (कातडीवर पेले लावून ओढायचा उपचार, त्याचीच ती वर्तुळं), असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण फोटोला कोण प्रश्न विचारतो?

‘हायपरबॅरिक ऑक्सिजन चेंबर’, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन द्यायची बंद जागा. इथे ती निघाली चेन लावायची एक फुगवलेली निळी पिशवी, जाड गादीच्या कव्हरसारखी. लेक आत शिरताना तिथला पोरगा म्हणाला, “मोबाईल घेऊन जा दीदी, तासभर बोअर होतं.”

इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. सासऱ्यांच्या मधुमेहाच्या जखमेसाठी हॉस्पिटलातल्या खऱ्या चेंबरला त्यांना ने-आण मीच करायचो. तिथे मोबाईल, घड्याळ, डोक्याला तेलसुद्धा चालत नाही. सुती गाऊन घालूनच आत. शुद्ध ऑक्सिजन असतो, एक ठिणगी पुरे. दाब नेहमीच्या हवेच्या दोन-अडीच पट. इथे दाबाच्या काट्यावर 4 पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे नेहमीच्या हवेच्या जेमतेम सव्वापट, आणि आत पंपाने भरलेली साधी हवा. सगळं माहीत असून मी बाहेर सोफ्यावर त्यांचा ग्रीन टी पीत बसलो.

सलाईनचं तर आणखी भयंकर. बाटली 500 मिलीची. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला हॉस्पिटलच्या उपचारांशिवाय 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त सलाईन ‘वाडा’च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांत बंद आहे, आत नुसती व्हिटॅमिनं असली तरी. पालकांनो, सुई दिसली की उठून घरी या.

“चेंबर चालू आहे, हलकं धावू दे,” असं तिथल्या ‘स्पेशालिस्ट’ने सांगितलं. ती धावली. एमआरआयमध्ये हाडाला चीर निघाली. स्पर्धा गेली.

पैसे मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’वर बोट. पोलीस म्हणाले, “पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मॅटर आहे.” आरोग्य खात्यात सांगितलं, हे हॉस्पिटल नाही, वेलनेस आहे, आमच्याकडे येत नाही. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्यांकडे गेलो, तर तो माणूस डॉक्टरच नाही म्हणून तक्रार घेता येत नाही. मग बोगस डॉक्टर म्हणून तरी घ्या म्हटलं. साहेब वर न बघता म्हणाले, “तो स्वतःला डॉक्टर म्हणवतो का? मग बोगस कसा?” म्हणजे डॉक्टर असता तर सापडला असता; नाही, म्हणून सुटला! सुई टोचायला मात्र मोकळा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, काट्याचा फोटो, काहीही डिलीट करू नका.

कोच आता म्हणतात, “प्रकरण वाढवू नका, पोरीची पुढची निवड आहे.” त्यांना या 58,060 मधले किती मिळाले, तेही मी तक्रारीत विचारलंय.