गाडीचं कूलंट: रेडीमिक्स की कॉन्सन्ट्रेट?

मुंबईत पाणी गोठायची भीती नाही, म्हणून काहीजण रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी ओततात. आतून गंज धरतो, तो विषय सोडाच.

रेडीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं कूलंट सोपं: इंजिन गार झालं की झाकण उघडा, ओता. टॉप-अपला तेच बरं. पण घरी फ्लश केल्यावर, म्हणजे जुनं कूलंट काढून आतून पाण्याने धुतल्यावर, ड्रेनमधून थेंब पडायचे थांबले तरी इंजिन ब्लॉकमध्ये पाणी उरतंच. त्यात रेडीमिक्स ओतलं की ते आणखी पातळ होतं. म्हणून मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घेतो: कूलिंग सिस्टिमच्या एकूण क्षमतेच्या निम्मं ते, उरलेलं डिस्टिल्ड वॉटर. ५०-५० मिश्रण साधारण १०८ अंशांना उकळतं.

काढलेलं कूलंट मात्र लगेच झाकायचं. चवीला गोड, पण विषारी. आणि सोसायटीच्या पार्किंगमधली मांजरं घमेल्याभोवतीच घुटमळतात.