जुनी गाडी सात महिने वापरून: हप्ते वाचले, पण आरसीवरच्या बोजानं रडवलं

काल दुपारी पोस्टमन आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) देऊन गेला. माझ्या नावाची. गाडी घेतली होती जुलै २०२५ मध्ये. सात महिने मी दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत होतो आणि त्यापायी ११,५०० रुपये खिशातून गेले. म्हणून आधी आरसीचं सांगतो, गाडीचं नंतर.

२०१६ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, बेस मॉडेल, २ लाख ३५ हजार रोख. तेव्हा नवीन घ्यायची तर ऑन रोड ७ लाख ६० हजार पडत होती. पदरचे १ लाख ६० हजार घालून ६ लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षं: हप्ता १२,४५५, नुसतं व्याजच १ लाख ४७ हजार. ऑन रोडमध्ये आपल्याकडे महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आरटीओ करही आला, तो जुन्या गाडीवर पहिल्या मालकानं भरलेला असतो. घरात एकच पगार. दोन एफडी मोडल्या आणि जुनी घेतली.

घेताना मी इंजिन ऐकलं, दारांच्या रबराखाली गंज पाहिला, टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्काही वाचला (३२१६ म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा, चारही टायर मूळचेच होते). आरसीवरची फायनान्सची नोंद मात्र वाचली नाही. मूळ मालकांचं कर्ज २०२१ मध्येच फिटलं होतं, पण एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची ती नोंद) कोणी उतरवलीच नव्हती. सातबाऱ्यावर बोजा असला की जमीन कोणी घेत नाही, इथे मी डोळे मिटून पैसे मोजले. एजंट म्हणाला, "पंधरा दिवसांत नावावर होईल." मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, अडलं ते एचपी उतरवायच्या फॉर्म ३५ वर. त्याला फायनान्सवाल्यांची सही आणि एनओसी (ना हरकत पत्र) लागते. २०२१ ची एनओसी सापडली, पण तिची तीन महिन्यांची मुदत कधीच संपलेली. नवीन मागायला गेलो तर त्यांची नाशिकची शाखाच बंद झालेली. एजंटानं तोवर फोन उचलणं बंद केलं होतं.

ऑक्टोबरमध्ये द्वारका चौकात मागून टेम्पोनं ठोकलं. डिकी आत गेली. विमा चालू होता म्हणून मी निश्चिंत होतो. सर्व्हेअरनं आरसी मागितली आणि क्लेम तिथेच संपला, ते ११,५०० इथेच गेले. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, आपल्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. मी आरसीची वाट बघत तो अर्ज दिलाच नव्हता. नो क्लेम बोनसही (क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, हे तेव्हा कळलं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी आरसी हातात घ्या. एचपी दिसली तर ती उतरेपर्यंत टोकनच्या पलीकडे एक रुपया देऊ नका.

आता गाडी. टायर १४,०००, क्लच ८,२००, बॅटरी ४,३००, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ५,६००, सर्व्हिस ४,९००. एकूण ३७,०००. याच सात महिन्यांत हप्ते ८७ हजारांच्या वर गेले असते. एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, सिन्नरच्या चढाला एसी लावूनही दम टाकत नाही.

सप्टेंबरमध्ये मात्र मन डळमळलं. २२ तारखेपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ वरून १८ टक्क्यांवर आला. मेहुण्यानं त्याच आठवड्यात नवीन बुक केली आणि मला दोन रात्री झोप आली नाही. पुन्हा वही काढली. पन्नास-साठ हजारांनी किंमत उतरली तरी हप्ता ११,३०० च्या आसपास बसत होता. तेवढे पैसे महिन्याला माझ्याकडे तेव्हाही नव्हते, आजही नाहीत. तो विषय तिथे मिटला.

माझं मत खरं बदललं ते पैशांमुळे नाही. ऑगस्टमध्ये घोटीच्या पुढे पावसात समोर म्हैस आली. ब्रेक दाबला तशी चाकं जाम झाली. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच घसरत राहिली, म्हशीपासून दोन हातांवर थांबली. मागे बायको आणि मुलगी. या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही. एबीएस सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणजे आणखी लाख-सव्वा लाख घालून २०१९ अखेरची किंवा २०२० ची जुनी गाडी घेतली असती, तर हप्त्याचा बोजाही नसता आणि त्या दिवशी हातपायही गार पडले नसते. शहरातल्या शहरात चालवणार असाल तर २०१६ ची ठीक आहे. हायवेवर घरच्यांना घेऊन जाणार असाल तर २०१९ च्या आधीची बघूच नका. घेतली तेव्हा मी हेच स्वस्त म्हणून सगळ्यांना सांगत होतो. ते मागे घेतो.

एनओसी शेवटी मूळ मालकांनी मिळवून दिली. निवृत्त शिक्षक आहेत. पैसे केव्हाच मिळाले होते, त्यांना काही पडलेलं असायचं कारण नव्हतं. तरी दोनदा पहाटेची गाडी पकडून ठाण्याच्या ऑफिसात जाऊन बसले, तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत. काल संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी आरसी दोन्ही बाजूंनी वाचली आणि म्हणाले, "उतरला बाबा एकदाचा." मग खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी उघडायला लावली आणि स्टेपनीवर बोट ठेवलं. ती अजून २०१६ चीच आहे. या महिन्याच्या पगारात बदलतोय.